मनोगत पुन्हा लिहिण्यापूर्वी

प्रिय लेकीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या पहिल्या कथासंग्रहाचे मनोगत दोनदा वाचले. भाषा नेटकी आहे, पण ‘या कथा मला सहज सुचत गेल्या’ या वाक्यापाशी मी अडले. तू घरी होतीस तेव्हा तुझ्या खोलीतला दिवा रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जळताना मी पाहिला आहे. त्यांतली एकही कथा तुला सहज सुचलेली नाही.

आपण कोणाकडून काय घेतले हे सांगितल्याने लेखक लहान होतो, असे तुला वाटत असावे. ज्ञानेश्वरांनी शके 1212 मध्ये, अगदी कोवळ्या वयात, गीतेवरची टीका पुरी केली, तेव्हा व्यासांचा मागोवा घेत आणि भाष्यकारांना वाट पुसत आपण इथवर आलो, असे त्यांनी ग्रंथाच्या अखेरीस मोकळेपणाने सांगून ठेवले. इंग्रज लेखिका मेरी शेली 1816 च्या उन्हाळ्यात जिनिव्हा सरोवराकाठी ‘फ्रँकेन्स्टाइन’ ही निर्जीव देहात प्राण आणणाऱ्या माणसाची कादंबरी लिहू लागली, तेव्हा ती जेमतेम अठरा वर्षांची होती. इतक्या लहान मुलीला अशी भयंकर कल्पना कशी सुचली, असे लोक तिला वारंवार विचारत. त्याचे उत्तर तिने 1831 च्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत सविस्तर दिले. पावसाने घरात कोंडून घातलेले दिवस, मित्रमंडळींत ठरलेले भुताच्या गोष्टींचे लेखन, ‘गोष्ट सुचली का’ या प्रश्नाला रोज सकाळी द्यावा लागणारा नकार, आणि प्रेतात पुन्हा चेतना आणता येईल का याविषयी रात्री चाललेली चर्चा, हे सारे तिने त्यात नोंदवले. त्या चर्चेत ती जवळजवळ गप्प होती, फक्त मन लावून ऐकत होती, ही गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते.

तूही लहानपणापासून ऐकत आलीस. म्हणूनच तुझ्या शेवटच्या कथेतली म्हातारी रिकाम्या खोलीकडे पाहून ‘जेवायला चला’ म्हणते, ते कुठून आले हे मला लगेच कळले. आजोबा गेल्यावर आजी वर्षभर तशीच हाक मारत असे, आणि दहा वर्षांची तू दाराआड उभी असायचीस. मनोगतात तू मोठमोठ्या कथाकारांचे ऋण मानलेस, आजीचा उल्लेख मात्र टाळलास. मला त्रास होईल म्हणूनच टाळला असशील. त्रास होईल, हे खरे आहे. तरीही तो उल्लेख असावा, कारण आजीच्या हाकेला कधी उत्तर आले नाही आणि तुझ्या म्हातारीला मात्र आतून ओ येते. ती ओ सर्वस्वी तुझी आहे. हाक कोणाची होती हे वाचकाला ठाऊक नसेल, तर तेही त्याला कळणार नाही.

मनोगत नव्याने लिहिलेस की छापायला देण्याआधी मला फोनवर वाचून दाखव. ते तुझ्या आवाजात ऐकायचे आहे.

तुझी,
आई