पाण्याचा काटा फसवा, ऑइलचा बघा

महोदय,

थंडी पडली की सोसायटीच्या तळघरात उभी असलेली स्पोर्ट्स कार दर रविवारी दहा मिनिटे नुसती चालू करून ठेवायची, असा रिवाज पुण्या-मुंबईत रूढ झाला आहे. बॅटरीच्या काळजीपोटी होणारा हा उपचार इंजिनाच्या मुळावर येतो, म्हणून हे पत्र.

एक लिटर पेट्रोल जळले की जवळपास एक लिटर पाणी तयार होते. बहुतेक वाफ सायलेन्सरवाटे निघून जाते, पण थोडी पिस्टनच्या रिंगांमधून खाली ऑइल चेंबरमध्ये उतरते आणि इंजिन थंड असले की तिथेच तिचे पाणी होते. शिवाय थंड इंजिनाला पेट्रोल जादा लागते. डायरेक्ट इंजेक्शनच्या (पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या) इंजिनात त्यातले काही सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळून ऑइलमध्ये मिसळते. हे दोन्ही उडून जायला ऑइल १०० अंश सेल्सिअसच्या आसपास पंधरा-वीस मिनिटे तरी राहावे लागते. जागेवर उभ्या गाडीत, इंजिनावर ओझे नसताना, ते तिथवर पोचत नाही. अशा गाडीची डिपस्टिक (ऑइलची पातळी मोजायची पट्टी) ओढून बघावी. पातळी भरली होती त्यापेक्षा वर आणि ऑइलला पेट्रोलचा वास. फिलर कॅपच्या आतल्या बाजूला पिवळट साय. साय दिसली की हेड गॅस्केट (इंजिनातले पाणी आणि ऑइल वेगळे ठेवणारे सील) गेले असे लगेच समजू नये. कूलंटच्या (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या) बाटलीतली पातळी स्थिर असेल तर कॅप पुसून गाडी पन्नासेक किलोमीटर चालवावी. साय परत आली नाही तर प्रश्न मिटला. पातळी उतरत असेल तर मात्र थेट वर्कशॉप.

बॅटरीसाठी स्मार्ट चार्जर लावून ठेवावा. बॅटरी एजीएम (आम्ल काचेच्या तंतूंत शोषलेली) असेल तर चार्जरवर तोच पर्याय निवडावा. (पार्किंगमध्ये प्लग मागितल्यावर सेक्रेटरी काय म्हणतात, हा वेगळा विषय.) दोन-तीन आठवड्यांतून एकदा गाडी नीट फिरवून आणावी. पुण्यातल्यांना किवळ्याहून लोणावळ्यापर्यंतचे चाळीसेक किलोमीटर त्यासाठी पुरेसे आहेत.

फिरवतानाची चूक दुसरी. डॅशबोर्डवर दिसतो तो बहुधा पाण्याचा, म्हणजे कूलंटच्या तापमानाचा काटा, आणि अनेक गाड्यांत तो साधारण ७५ ते १०५ अंशांपर्यंत मुद्दाम मधोमध धरून ठेवलेला असतो. ऑइलला तापायला त्याच्या दुप्पट, कधी तिप्पट वेळ लागतो. हॅचबॅकमध्ये ऑइल तीन-साडेतीन लिटर. मोठ्या स्पोर्ट्स कारमध्ये ते आठ-नऊ लिटरही असते. कोथरूडहून पहाटे निघालेली गाडी काही मिनिटांत चांदणी चौकाच्या चढाला लागते. पाण्याचा काटा मधोमध, ऑइल जेमतेम ५० अंशांवर, आणि चालकाचा पाय मात्र पुढच्या मोकळ्या रस्त्याच्या घाईत.

५डब्ल्यू-४० ग्रेडचे ऑइल (डब्ल्यूआधीचा आकडा थंडीतला घट्टपणा सांगतो, नंतरचा गरम असतानाचा) १०० अंशांना असते त्यापेक्षा १० अंशांना साधारण पंचवीस पट घट्ट असते. १०डब्ल्यू-६० त्याहूनही घट्ट. अशा वेळी रेस दिली की पंपाचा दाब चढतो, जादा दाब सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो आणि ऑइलचा काही भाग बेअरिंगकडे न जाता मागे वळतो. फिल्टरचा बायपासही उघडतो, म्हणजे जे पोचते तेही न गाळलेले. गेजवर दाब भरपूर दिसतो म्हणून चालक निश्चिंत! फोर्ज्ड (ठोकून घडवलेले) पिस्टन असतील तर थंडपणी ते सिलिंडरमध्ये सैल असतात आणि भिंतीवर आपटतात.

म्हणून चालू केल्यावर वीस-तीस सेकंदांत निघावे. ऑइल ६० अंशांना येईपर्यंत २५०० ते ३००० आरपीएमच्या आत, ८० पर्यंत ४००० च्या आत आणि अर्ध्याच अ‍ॅक्सिलरेटरवर. पूर्ण रेस ९० नंतर. आरपीएम कमी ठेवायचे म्हणून वरच्या गिअरमध्ये इंजिन कण्हत ठेवणेही वाईट, टर्बो असेल तर विशेष. बीएमडब्ल्यूच्या ई४६ एम३ मध्ये आरपीएम मीटरवरचे पिवळे दिवे ऑइल तापेल तसे एकेक विझत जातात. इतकी सोपी सोय प्रत्येक गाडीत का नसावी? ऑइलचा काटा नसेल तर ओबीडी रीडरवर (गाडीच्या संगणकाला जोडून माहिती वाचणाऱ्या उपकरणावर) तापमान मिळते का पाहावे. नाहीच मिळाले, तर पाण्याचा काटा मधोमध आल्यावर आणखी दहा-पंधरा किलोमीटर सबुरी.

महाराष्ट्रातल्या थंडीसाठी ०डब्ल्यू ऑइल घालण्याचा आग्रह दुकानदाराच्या सोयीचा. ५डब्ल्यूची थंडीतली चाचणी उणे ३० अंशांना होते. मॅन्युअलमधली ग्रेड सोडू नये.

ट्रॅकसाठी बाहेरून ऑइल कूलर बसवलेल्या गाड्यांचे दुखणे उलटे. थर्मोस्टॅट (तापमानानुसार उघडणारी झडप) नसेल तर पहाटेच्या एक्स्प्रेसवेवर १०० च्या वेगाने ऑइल सत्तरीच्या पुढे सरकत नाही. फिल्टर आणि इंजिन यांच्यामध्ये थर्मोस्टॅट असलेली चकती, म्हणजे सँडविच प्लेट, बसवणे हा खरा उपाय. ती ८० ते ८५ अंशांच्या सुमारास कूलरचा रस्ता उघडते. तात्पुरते करायचे तर अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याने कूलरचा निम्मा भाग झाकावा, रेडिएटरला हात लावू नये. फेब्रुवारी सरताच पत्रा काढावा, नाहीतर उन्हाळ्यात घाट चढताना हेच ऑइल १३० च्या वर जाईल. आणि हिवाळाभर गाडी फक्त जवळच्या फेऱ्यांना वापरली असेल, तर किलोमीटर कितीही कमी झालेले असोत, त्याच वेळी ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदलून घ्यावेत, तेही इंजिन गरम असताना.

– एक वाहन अभियंता, चिंचवड, पुणे