साईडपट्टीवरचं गवत कापा, पण माती खरवडू नका

संपादक साहेब, नमस्कार.

पावसाळा आला की रस्त्याकडेच्या गवताच्या तक्रारी सुरू होतात आणि त्या खऱ्याच असतात. दोन वर्षांपूर्वी श्रावणात मी टूव्हीलरवरून घरी येत होतो, आमच्या फाट्याच्या डाव्या वळणावर आतल्या बाजूला पुरुषभर गवत वाढलेलं, समोरनं दुधाचा टेम्पो आला तो दिसला तेव्हा पार तोंडावर होता, ब्रेक दाबला, गाडी घसरली आणि माझा हात मोडला. त्यामुळं गवत कापूच नका असं मी कधीच म्हणणार नाही.

प्लास्टर असतानाच अर्ज दिला. आठवड्यात जेसीबी आला, पण वळण सोडाच, दोन किलोमीटर दोन्ही बाजू लाल माती दिसेपर्यंत खरवडली आणि ती माती चरात ढकलली. चर तुंबला, पुढच्या पावसाचं पाणी चिखल घेऊन डांबरावर आलं, म्हणजे घसरायची सोय झाली. आणि मागच्या पावसाळ्यात त्या उघड्या मातीवर काय उगवलं तर गाजर गवत, छातीएवढं, वळण परत दिसेना.

तिथं किलोमीटरच्या दगडाला कळलावी चढायची. तिच्या पानाचं टोकच दोऱ्यासारखं वळून शेजारच्या गवताच्या काडीला विळखा घालतं, त्या आधारानं वेल वर जातो आणि मग ती लाल-पिवळी फुलं. आता नाही, कारण कंदच मातीबरोबर गेला. तेरडा तर एका वर्षाचं झाड, त्याचं बोंड पिकून फुटलं, बी उडालं तरच पुढच्या साली तो उगवणार, आणि खरवडलं श्रावणात म्हणजे बी धरायच्या आधीच. मागच्या भाद्रपदात गौरी आणायला आमच्या घरातल्या बायकांना तेरड्यासाठी पार ओढ्यापर्यंत जावं लागलं. पूर्वी दारातून बाहेर पडलं की रस्त्याकडेला मिळायचा.

कास पठार २०१२ साली जागतिक वारसा यादीत गेलं, तिथं लोक तिकीट काढून फुलं बघायला येतात, चांगलंच आहे. पण तोच तेरडा, तीच सोनकी, तोच कवळा आमच्या साईडपट्टीवर फुलायचा आणि तो आपणच पैसे खर्चून काढतोय याचं फार वाईट वाटतं.

वळणाची आतली बाजू, फाटे, मोऱ्या आणि फलकांसमोरची जागा जूनअखेरपासून दर तीन आठवड्यांनी कापा, तिथं फुलांचा विचार करू नका, माणूस आधी. सरळ रस्त्याला डांबरालगत दीड मीटर बास. त्याच्या मागचं गवत दिवाळी झाल्यावर कापा, बी पडलेलं असतं, आणि त्याहून उशीर मात्र नको, वाळल्या गवतात कुणी विडी टाकली की वणवा पेटतो. कापायचं ते ग्रास कटरनं, चार बोटं ठेवून. गाजर गवत तेवढं फुलायच्या आत मुळासकट उपटायचं, हातमोजे घालून, खाज सुटते. कापलेलं गवत उचला, चरात टाकू नका.

कुठलं वळण आंधळं आणि कुठं काय फुलतं हे गावात सगळ्यांना माहीत आहे. कामाची ऑर्डर काढायच्या आधी खात्याच्या साहेबांनी एकदा आमच्याबरोबर चालत यावं, दोनच किलोमीटर आहे, चुन्याची खूण आम्ही मारून देतो.

– एक वाचक, ता. सातारा