कथेत रंग आणला कुणी?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत विज्ञानकथेबद्दल एका वाचकाचं पत्र आलं होतं, ते वाचल्यापासून डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहायला बसले. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की सायन्स फिक्शन म्हणजे तारे, यानं, परग्रह, तिथे काळा-गोरा हा विषयच कधी नव्हता, गेल्या दहा-पंधरा वर्षांत अमेरिकेतल्या काही लोकांनी तो मुद्दाम घुसवला आणि आता बक्षिसं पण कथा बघून नाही, लेखकाचा रंग बघून देतात. आणि शेवटी त्यांनी नारळीकर सरांचं उदाहरण दिलंय, की सरांनी नाव लपवून कथा पाठवली होती, तसं करा, फक्त कथा बघा, मेरिट बघा.

उदाहरण खरं आहे आणि माझं फार आवडतं आहे. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला सरांनी 'कृष्णविवर' पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने, स्वतःची आद्याक्षरं उलटी फिरवून, आणि अक्षर ओळखू येईल म्हणून पत्नी मंगलाताईंकडून लिहून घेतली, आणि पहिलं बक्षीस मिळालं. पण सरांनी नाव का लपवलं याचा विचार करा ना. ते नाव इतकं मोठं होतं की नुसतं नाव वाचूनच परीक्षकांवर दडपण आलं असतं, तो फायदा त्यांना नको होता. मी ज्यांच्याबद्दल सांगणारे त्यांची अडचण बरोब्बर उलटी होती आणि ती नाव लपवून सुटणारीच नव्हती.

सॅम्युअल डिलेनी. न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये १९४२ साली जन्मलेला कृष्णवर्णीय लेखक, पंचविशीच्या आतच विज्ञानकथेचा मोठा नेब्युला पुरस्कार मिळवलेला. साठच्या दशकात त्यांनी 'नोव्हा' ही कादंबरी लिहिली आणि ती क्रमशः छापायला 'अ‍ॅनालॉग' मासिकाकडे गेली. तिथे संपादक होते जॉन कॅम्पबेल. आपल्याकडे ज्यांनी ज्यांनी विज्ञानकथा लेखक आसिमॉव्ह वाचलाय त्यांनी हे नाव ऐकलेलं असतं, आसिमॉव्हला घडवणारा संपादक, १९३७ पासून १९७१ साली वारेपर्यंत त्या एका खुर्चीत, अख्ख्या पिढीची आवड त्या माणसाने ठरवली. कॅम्पबेलनी कादंबरी परत पाठवली आणि डिलेनींच्या एजंटला फोन करून कारण सांगितलं, की आमच्या वाचकांना काळा नायक आपलासा वाटेल असं वाटत नाही. हे डिलेनींनी स्वतः १९९८ च्या 'रेसिझम अँड सायन्स फिक्शन' या लेखात लिहून ठेवलंय.

ती कादंबरी घडते ३१७२ सालात! नायक अंतराळयानाचा कप्तान, आई सेनेगलची, वडील नॉर्वेचे, आणि तो फुटणाऱ्या ताऱ्याच्या पोटात शिरायला निघालाय. बाराशे वर्षं पुढचं जग, माणूस ताऱ्यांपर्यंत पोचलेला, हे सगळं वाचकांच्या गळी उतरेल, फक्त कप्तान काळा आहे हे उतरणार नाही. आता इथे लेखकाचं नाव झाकून काय उपयोग झाला असता सांगा. रंग कथेतच होता आणि नाकारली ती कथाच.

आणि एक गोष्ट मला जास्त लागते ती म्हणजे कॅम्पबेलनी 'मला नको' असं म्हटलं नाही, 'वाचकांना चालणार नाही' असं म्हटलं. म्हणजे आपल्यावर ढकललं, फॅन्सवर. म्हणून प्रश्न असा आहे की आपण फॅन लोक खरंच तसे होतो का, आहोत का.

या फॅन्डमचा, म्हणजे फॅन लोकांच्या जगाचा, इतिहास जुना आहे. पहिलं वर्ल्डकॉन, म्हणजे विज्ञानकथेचं जागतिक संमेलन, न्यूयॉर्कला १९३९ साली भरलं, विज्ञानकथेचे ह्युगो पुरस्कार १९५३ पासून दिले जातात आणि ते परीक्षक देत नाहीत, वर्ल्डकॉनचे सभासद मतं देऊन देतात, म्हणजे फॅन्सच देतात. पन्नासच्या दशकात या मंडळींच्या हस्तलिखित-सायक्लोस्टाइल अंकांमधून कार्ल ब्रँडन नावाचा एक कृष्णवर्णीय फॅन लिहायला लागला, विडंबनं फार छान लिहायचा, लोकांना आवडायचा. नंतर कळलं की कार्ल ब्रँडन नावाचा माणूसच नाही, टेरी कार आणि त्याच्या गोऱ्या मित्रांनी मिळून त्याला तयार केलं होतं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा कितीतरी वेळ नुसती बसून राहिले. त्या काळच्या फॅन्डममधला सगळ्यात गाजलेला काळा फॅन, आणि तो खोटा. कागदावरचा होता तोवर सगळ्यांना चालला. पुढे १९९९ साली खऱ्याखुऱ्या कृष्णवर्णीय, आशियाई आणि इतर लेखक-वाचकांनी संघटना काढली आणि तिला मुद्दाम त्याचंच नाव दिलं, कार्ल ब्रँडन सोसायटी. कृष्णवर्णीय विज्ञानकथा लेखिका ऑक्टेव्हिया बटलर २००६ साली गेल्या, त्यांच्या नावाची स्कॉलरशिप हीच संस्था देते, नवीन लेखकांना क्लॅरियनच्या लेखन कार्यशाळेला जाता यावं म्हणून. मला ही कार्ल ब्रँडनची गोष्ट शाळेतल्या मुलांनाही सांगावीशी वाटते.

आता पत्रलेखकांचा मेरिटचा मुद्दा. डिलेनींनी त्याच लेखात एक अंदाज सांगितला होता, की आम्ही जोपर्यंत एक-दोन जण आहोत तोपर्यंत सगळे आमच्याशी छान वागतील, पण आमचा आकडा तेरा, पंधरा, वीस टक्क्यांवर गेला आणि पैशाची, जागांची खरी स्पर्धा सुरू झाली की बघा. हे १९९८ साली. २०१३ साली कृष्णवर्णीय लेखिका एन. के. जेमिसिन यांनी ऑस्ट्रेलियातल्या एका संमेलनात भाषण केलं, त्यात त्यांनी सांगितलं की विज्ञानकथा लेखकांच्या अमेरिकन संघटनेत अध्यक्षपदाला उभ्या राहिलेल्या, उघडउघड वर्णद्वेषी लिहिणाऱ्या एका माणसाला सुमारे दहा टक्के मतं पडली. त्यावर त्या माणसाने जेमिसिनना 'अर्ध-रानटी' म्हणून लिहिलं आणि मग संघटनेने त्याला काढून टाकलं. पण त्या भाषणात जेमिसिनना जास्त काळजी वाटत होती ती दहा टक्क्यांची नाही, गप्प बसलेल्या बाकीच्यांची, हे मला आजही तसंच्या तसं पटतं.

मग २०१५ आलं. ह्युगोमध्ये आता कथा नाही नुसतं राजकारण जिंकतं असं म्हणत दोन गटांनी नावांच्या याद्या काढल्या, आपल्या लोकांना सांगितलं की या याद्यांप्रमाणे मतं टाका, आणि नामांकनं भरून टाकली. सभासद इतके चिडले की पाच विभागांत 'कुणालाच नाही' हा पर्याय जिंकला. आणि त्याच वर्षी सर्वोत्कृष्ट कादंबरीचं ह्युगो मिळालं लिऊ त्स-शिन या चिनी लेखकाला, अनुवादित कादंबरीला पहिल्यांदाच. त्यानंतर २०१६, २०१७, २०१८, ओळीने तीन वर्षं जेमिसिन. कादंबरीचं ह्युगो मिळवणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय लेखिका आणि ओळीने तीनदा तर त्यांच्या आधी कुणालाच, गोऱ्या-काळ्या कुणालाच, मिळालं नव्हतं. तिसऱ्या वेळच्या भाषणात त्या म्हणाल्या त्याचा मथितार्थ असा, की ते जिंकले की ती गुणवत्ता आणि आम्ही जिंकलो की आयडेंटिटी पॉलिटिक्स.

हे वाक्य मराठी घरात वाढलेल्या कुणालाही भाषांतर करून सांगावं लागू नये. 'मेरिट' हा शब्द आपल्या घरांमध्ये कुणाबद्दल, कोणत्या आवाजात वापरला जातो ते मी लहानपणापासून ऐकत आलेय. ज्यांना पिढ्यान् पिढ्या दाराबाहेर ठेवलं त्यातलं कुणी आत येऊन पहिलं आलं की लगेच आपल्याला मेरिट आठवतं, आधीच्या साठ वर्षांत एकही कृष्णवर्णीय लेखक त्या एका पुरस्कारापर्यंत पोचला नाही तेव्हा कुणी मेरिटचा प्रश्न विचारला होता का?

सिनेमा-सीरियलच्या फॅन्सचं तर काय सांगू. २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये 'स्टार वॉर्स'चा ट्रेलर आला, पहिलाच चेहरा शिपायाच्या वेषातल्या जॉन बोयेगा या कृष्णवर्णीय नटाचा, तर लोक म्हणायला लागले शिपाई काळा कसा, पुढच्या वर्षी बहिष्काराची मोहीम निघाली. केली मरी ट्रॅन ही व्हिएतनामी आईबापांची मुलगी, २०१७ च्या 'स्टार वॉर्स' सिनेमात आली, तिला इतकं छळलं की २०१८ मध्ये तिने इन्स्टाग्रामवरच्या सगळ्या पोस्ट काढून टाकल्या. नंतर तिने एक लेख लिहिला, त्यात आहे की लोकांना उच्चारायला सोपं जावं म्हणून तिच्या आईबाबांनी स्वतःची नावं सोडून टोनी आणि के अशी नावं घेतली होती. अमेरिकेत राहिलेल्या आपल्या कित्येकांना हे ओळखीचं वाटेल, माझ्या ऑफिसातले दोन मराठी मुलगे सॅम आणि अ‍ॅश होऊन गेले होते.

मी स्वतः नऊ वर्षं तिकडे होते. एका शहरातल्या विज्ञानकथा संमेलनाला पहिल्यांदा गेले तेव्हा पोटात फुलपाखरं नाचत होती म्हणतात ना तसं, नाही, खरं तर लहानपणी पंढरपूरला आजीबरोबर गेले होते तसं वाटत होतं, की माझी माणसं इथे आहेत. नोंदणीच्या टेबलवरच्या बाईंनी माझ्याकडे बघून अगदी प्रेमाने सांगितलं, सॉफ्टवेअरवाल्यांची मीटिंग वरच्या मजल्यावर आहे. मी पिशवीतून छापील पावती काढून दाखवली. मग दोन दिवस तीन वेगवेगळ्या लोकांनी मला दुसऱ्याच एका भारतीय बाईंच्या नावाने हाक मारली, त्या माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी मोठ्या होत्या. कुणी वाईट वागलं नाही, कुणी शिवी दिली नाही, पण तिसऱ्या दिवशी मी गेलेच नाही. डिलेनींनी लिहिलंय की त्यांना आणि बटलरना कायम एकाच चर्चेत शेजारी बसवायचे, दोघांच्या लिखाणात काही साम्य नसताना, ते वाचलं तेव्हा मला माझे ते दोन दिवस कळले.

पण एवढं सांगून थांबले तर ते अर्धंच होईल, कारण इकडे परत आल्यावर जे झालं ते आपलं आपल्याकडचं आहे. आमचा विज्ञानकथावाल्यांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे, सगळे मराठी, चांगले वाचणारे. २०२२ साली 'स्टार वॉर्स'मधल्या ओबी-वान या पात्रावरची सीरियल आली, त्यात मोझेस इंग्रम ही कृष्णवर्णीय अभिनेत्री होती, तिला तिकडे घाणेरडे मेसेज येत होते, इतके की ओबी-वान झालेल्या युअन मॅकग्रेगरला व्हिडिओ करून सांगावं लागलं की असे मेसेज पाठवणारा माझ्या लेखी स्टार वॉर्सचा फॅनच नाही. आणि त्याच आठवड्यात आमच्या ग्रुपवर तिचा फोटो आणि खाली 'एवढी काळी कशाला घेतली' आणि त्याला हसणारे सात-आठ अंगठे. ज्या देशात आपल्यालाच कुणीतरी वरच्या मजल्यावर पाठवतं तिथल्या एका मुलीच्या रंगावर आपण नाशिकमध्ये बसून हसतोय. हे अमेरिकेतून आलेलं नाही हो, लग्नाच्या जाहिरातींमधलं 'गोरी' आपणच लिहितो. मी त्या रात्री काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी मोठा मेसेज लिहिला, दोघं ग्रुप सोडून गेले, आणि ज्यांनी फोटो टाकला होता त्या काकांचा फोन आला, मला वाटलं भांडतील, ते म्हणाले बाकीचं राहू दे, ती बटलर म्हणतेस तिचं काय वाचू. पुस्तक मीच नेऊन दिलं.

फॅन म्हणून माझ्या मनात एक वेगळाच माणूस असतो. कृष्णवर्णीय अभिनेत्री निशेल निकोल्स १९६६ पासून 'स्टार ट्रेक' या सीरियलमध्ये यानावरच्या अधिकारी उहुराचं काम करत होत्या, पहिल्या सीझननंतर त्या सोडून चालल्या होत्या, तेव्हा एका कार्यक्रमात त्यांना कुणीतरी सांगितलं की तुमचा एक मोठा फॅन भेटायला आलाय, वळून बघतात तर मार्टिन ल्युथर किंग. ते म्हणाले सोडू नका, ही एकच सीरियल आम्ही मुलांना जागून बघू देतो. त्या राहिल्या, पुढे १९७७ साली नासासाठी बायकांनी आणि कृष्णवर्णीयांनी अर्ज करावेत म्हणून देशभर फिरल्या, आणि उहुराला बघत मोठी झालेली कृष्णवर्णीय मे जेमिसन १९९२ साली खरोखर अंतराळात गेली. पत्रलेखक म्हणतात विज्ञानकथेत रंग नंतर घुसवला, किंगना तर तो १९६७ च्या आसपासच दिसत होता आणि त्यांना त्याचा आनंद होत होता.

एक विनंती आहे. त्या पत्राच्या शेजारी तुम्ही 'वाचायलाच हव्यात' अशा बारा विज्ञानकथा लेखकांची यादी छापली होती. ती मी दोनदा वाचली, बाराही गोरे आहेत, नारळीकर सरसुद्धा त्यात नाहीत. यादीतलं कुणी काढा असं मी म्हणत नाहीये, त्यातले निम्मे मी पोटभर वाचलेत. पण जागा काढून डिलेनी, बटलर, जेमिसिन, लिऊ त्स-शिन आणि दिल्लीत वाढलेल्या वंदना सिंग एवढी नावं त्यात घालून यादी परत छापा, आणि शक्य असेल तर प्रत्येकाबद्दल चार ओळी. लिहून हव्या असतील तर मी पाठवते.

आपली,
एक वाचक, नाशिक