अतिवृष्टीचे पैसे मामांना द्या

ती. बाबा आणि सौ. आई,
शि. सा. नमस्कार.

आधी हप्त्याचं. बाबांचा अंगठा मशीनवर उमटत नाही म्हणून पीएम किसान अडकलंय ना? सेतूवर खेटे घालू नका. मोबाईलच्या ॲपमध्ये चेहरा दाखवूनही ई-केवायसी होते.

बाबा, तुम्ही विचारलं होतंत, अमेरिकेत शेतकऱ्याला अनुदान असतं का. असतं, आणि घसघशीत. आमची कोसुथ ही आयोवातली सगळ्यांत मोठी काउंटी. मका नाहीतर सोयाबीन, बाकी काही दिसतच नाही. मी बँकेत शेतीकर्जाच्या टेबलावर, म्हणून हा हिशेब रोजचाच.

सोयाबीनचा एक भाव कायद्यातच लिहिलेला असतो. २०१४ पासून बुशेलला, म्हणजे सव्वासत्तावीस किलोला, ८.४० डॉलर होता. २०२५ च्या कायद्यानं १० केला. हंगामाची देशभरची सरासरी त्याखाली गेली की फरक सरकार देतं. हमीभावच की, म्हणाल. पण या योजनेत सरकार दाणाही विकत घेत नाही. बारदाना नाही, ओलाव्याची कटकट नाही, नाफेडची रांग नाही. गंमत अशी की यंदा काय पेरलं ते कुणी विचारत नाही. जुन्या पेऱ्यावरून जमिनीच्या नावानं जे एकर कागदावर चढलेत, त्यांवर पैसे. सोयाबीनचे एकर चढलेले असले आणि रानात मका उभा असला, तरी पैसे सोयाबीनचेच! आणि मिळतात कधी? २०२५ च्या पिकाचे ऑक्टोबर २०२६ मध्ये. तोवर कर्जाचं व्याज चालूच.

हे सगळं लिहायचं कारण वेगळंच आहे. आयोवात निम्म्याहून जास्त रान ठोक्यानं, म्हणजे दुसऱ्याला भाड्यानं कसायला, जातं. मालक बहुतेक पासष्टी उलटलेले, कित्येक परराज्यात. पण ठोका रोख असेल तर हे अनुदान कसणाऱ्याला मिळतं, मालकाला छदाम नाही. बटई असेल तर वाट्याप्रमाणे दोघांना. पीक बुडालं तर ज्याचं बुडतं, पैसा त्याचा, असा नियमच आहे. मालक पुढच्या वर्षी ठोका वाढवून त्यातलं काही काढून घेतात, हेही बघते मी. तरी सुरुवात कसणाऱ्यापासून होते.

आपल्याकडं सातबारा बाबांचा, म्हणून सगळं बाबांना. मामांनी पाडव्याला ठोका रोख मोजला, बी-खत त्यांचं, फवारणी त्यांची. सप्टेंबरात पाणी साचून झाडावरच्या शेंगांना कोंब फुटले, तो फोटो आईनंच पाठवला होता. अन् अतिवृष्टीचं अनुदान पडलं आपल्या खात्यावर!

किसान आणि नमोचे हप्ते तुमच्या औषधपाण्याला राहू द्या. अतिवृष्टीचे पैसे मात्र मामांना द्या. सगळे. पुढच्या ठोक्यातून वळते करू, असलं काही नको.

करार लेखी करायचं म्हटलं की तुम्ही म्हणणार, कूळ लागेल. आजोबांच्या वेळेपासूनची ही भीती, ती काही माझ्या एका पत्रानं जायची नाही. लातूरला वकिलाला विचारा, फी मी पाठवते. विम्याला नोंदणीचा करार लागतो. तो झाला तर मामांना स्वतःच्या नावानं विमा भरता येईल.

आई, तू मामींच्या कानावर घालूनच ठेव, म्हणजे बाबांना मागं फिरता येणार नाही.

तुमची लेक