मक्याला दरवर्षी नांगरट लागतेच का? आपल्याच रानात बघू, मदत हवीय

राम राम मंडळी, सिल्लोड तालुक्यातल्या आपल्या शेतकरी गटाकडून ही विनंती. उन्हाळ्यात पलटी नांगर, मग रोटाव्हेटर, कधी दोनदा, डिझेल उधारीवर, दोन-तीन एकरवाल्याचा खिसा बी टाकायच्या आधीच रिकामा होतो. अन् एवढं करून मोठा पाऊस झाला की पाणी साचून मका पिवळी पडते. एका वावरात पहार मारून बघितलं तर वरची चार-पाच इंच माती पिठासारखी, खाली कडक थर अन् मुळं त्या थरावर आडवी वळलेली.

नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांची एसआरटी (सगुणा रिजनरेटिव्ह टेक्निक) पद्धत आहे, गादीवाफे एकदाच पाडायचे, पुढं नांगरट नाही, धसकटं, म्हणजे कापणीनंतर उरलेली बुडखं-मुळं, जमिनीतच कुजू द्यायची. पण आपल्या काळ्या चिकट रानात ते कितपत जमतं हे इथंच बघावं लागेल, ऐकून कोणी अख्खं पीक पणाला लावणार नाही अन् लावूही नये.

म्हणून एकाच वावरात १०-१० गुंठ्यांचे तीन तुकडे, एक नेहमीच्या नांगरटीचा, दुसरा दरसाल बीबीएफ यंत्रानं पाडलेल्या रुंद वरंबा-सरीचा, तिसरा एसआरटीचा, वाफे एकदाच पाडून पुढं बिननांगरटीचा. बियाणं, खत, पेरणीचा दिवस सारखाच. शेवटी नुसता उतारा (उत्पादन) नाही तर क्विंटलमागं खर्च किती ते काढायचं, वजन १४ टक्के ओलाव्यावर धरूनच, ओली मका फसवते. तिसऱ्या तुकड्यात तणनाशक जास्त लागेल, तो खर्चही मांडणार. पहिल्याच वर्षी उतारा वाढेल असं आम्ही म्हणत नाही, माती सुधारायला वेळ लागतो, म्हणून तीन खरीप तरी. चाऱ्याची काळजी नको, ताटं कापून न्या, फक्त धसकटं उपटू नका.

सगळ्यात आधी हवंय ते ३० गुंठे रान, रस्त्याच्या कडेचं असलं तर येता-जाता सगळ्यांना दिसेल. पैसा मुख्यतः त्या शेतकऱ्यासाठीच, उतारा घटला तर फरक गट भरून देणार, गरीब माणसानं सगळ्यांसाठी एकट्यानं तोटा का सोसावा? बाकी डिझेल, मजुरी अन् एक मॉइश्चर मीटर. कोणाकडं बीबीएफ यंत्र असेल तर एक दिवस द्या. पुण्या-मुंबईला नोकरीला असलेल्या पोरांनी जमेल तेवढं गटाच्या बँक खात्यात टाकावं, पैशापैशाचा हिशोब ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागेल. कृषी शिकलेल्या मुलामुलींनी नोंदी ठेवायला यावं, कणसं मोजायला तर शाळेतली पोरंही चालतील.

पेरणी ७५ ते १०० मिमी पाऊस झाल्यावरच करू, पण वाफे कोरड्यातच पाडावे लागतात, तेव्हा मृगाच्या आधी गटातल्या कोणालाही कळवा.