संघाबाहेर, पण मैदानावरच

तीर्थरूप आई-बाबांस,

शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष.

यंदापासून कांगा लीगमध्ये, मुंबईच्या पावसाळी क्रिकेट स्पर्धेत, मी खेळत नाही. माझी जागा क्लबातल्या धाकट्या डावखुऱ्या मुलाला द्यावी, असे मी स्वतःच कळवले असून आता आझाद मैदानावर मुलांचा सराव घेतो. मला कोणी वगळलेले नाही, गुडघा उत्तम आहे, नोकरीही आहे तशीच आहे. तेव्हा आई, रात्री जागत बसू नकोस.

बाबा, ‘दुसऱ्यांसाठी टाळ्याच वाजवत राहणार का?’ या तुमच्या प्रश्नावर मला फोनवर बोलता आले नाही. १९८८ मध्ये हॅरिस शील्ड या शालेय स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात तेंडुलकर-कांबळींनी याच मैदानावर ६६४ धावांची अभंग भागीदारी रचली, तेव्हा त्यांच्याच संघातले अमोल मुझुमदार पॅड बांधून ताटकळत बसले आणि त्यांची फलंदाजी आलीच नाही, हे तुम्हीच मला सांगितलेत. पुढे रणजी पदार्पणात २६० धावा आणि प्रथम श्रेणीत अकरा हजारांहून अधिक धावा करूनही ते भारताकडून खेळले नाहीत. त्यांच्याच प्रशिक्षणाखाली २ नोव्हेंबर २०२५ रोजी आपल्या मुलींनी नवी मुंबईत विश्वचषक जिंकला, तेव्हा तुमचे डोळे भरून आले होते, असे आई म्हणाली. त्यांचा त्या रात्रीचा आनंद उसना होता, असे तुम्हाला तरी वाटले का?

पावसात वाढलेल्या गवतातून चेंडू सीमेपर्यंत जात नाही, तो उचलूनच मारावा लागतो. गेल्या रविवारी त्या मुलाने गोलंदाजाच्या डोक्यावरून तसा चेंडू मारला आणि चिखलाने माखलेल्या हातमोज्याने कपाळ पुसत आमच्या तंबूकडे पाहिले. माझ्या कुठल्याही अर्धशतकाने मला इतके सुख दिले नव्हते. पतपेढीच्या कर्जातली ती बॅट सध्या तोच वापरतो. बाबा, कृपया याचे वाईट वाटून घेऊ नका, तिला तेल मी स्वतः लावतो.

आई, मी शून्यावर बाद होऊन आलो, तरी ‘संघ जिंकला ना?’ एवढेच विचारून तू माझ्यापुढे गरम शिरा ठेवायचीस. हे सारे तिथूनच आले आहे.

बाबा, रक्तदाबाची गोळी न्याहारीनंतर न चुकता घ्या आणि पावसात विहिरीकडे जाऊ नका. एकदा सामना पाहायला या. एसटीने मुळीच येऊ नका. कोकणकन्येची खालच्या बर्थची तिकिटे मी काढतो. सीएसएमटीला उतरलात की मैदान जवळच आहे, खुर्च्यांची आणि चहाची सोय तंबूत आहे. आईची गरम शाल तेवढी आठवणीने घ्या.

तुमचा,
बाळा