पेशंटचं बोलणं आधी पुरं होऊ द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत माझं औषधांचं दुकान आहे. संध्याकाळी आमच्या भागातले दवाखाने भरलेले असतात आणि तिथून बाहेर पडलेला पेशंट चिठ्ठी घेऊन थेट माझ्याकडे येतो. चिठ्ठी काउंटरवर ठेवता ठेवता विचारतो, ‘ताई, ही कशाची गोळी हाय?’ आणि थोडं थांबून, ‘मला नेमकं झालंय काय ओ?’ हे डॉक्टरांना विचारायचं असतं, ते मला विचारलं जातं. फॅमिली डॉक्टरांनी यात लक्ष घालावं म्हणून हे पत्र.

गवंडीकाम करणारे एक गृहस्थ छातीत जळजळतंय म्हणून दवाखान्यात गेले. पॅन्टोप्राझोल लिहून मिळालं. दुसऱ्या दिवशी न फोडलेली स्ट्रिप घेऊन माझ्याकडे हजर. ‘ही गॅसची गोळी हाय म्हणं. मला हार्टचं बघून घ्यायचं हुतं.’ त्यांचा धाकटा भाऊ मागच्या वर्षी हार्ट अ‍ॅटॅकनं गेलेला. हे डॉक्टरांना सांगितलंत का, विचारलं तर म्हणाले, ‘छातीत जळजळतंय म्हटलं, तवर त्येंनी लिवायलाच घेतलं.’ मी त्यांना परत पाठवलं. भावाचं कळल्यावर डॉक्टरांनी लगेच ईसीजी काढला, तो नीट आला, आणि मग तीच गोळी त्यांनी बिनतक्रार घेतली. निदान पहिल्या दिवशीही बरोबर होतं. पण भावाची गोष्ट तेव्हाच बाहेर आली असती तर ईसीजीही तेव्हाच निघाला असता आणि त्या माणसाची एक रात्र धास्तीत गेली नसती.

गर्दी किती असते हे मी रोज बघते. एकटा डॉक्टर, बाहेर बाकावर पंधरा-वीस जण, त्यात कुणाचं तापानं फणफणलेलं पोर. आपल्या देशात एका पेशंटच्या वाट्याला सरासरी दोनेक मिनिटंच येतात, हे ६७ देशांच्या आकडेवारीवरून २०१७ साली ‘बीएमजे ओपन’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं आहे. तरीही ‘बोलू द्यायला वेळ नाही’ हे मला पटत नाही. अमेरिकेतल्या, १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पेशंटनं तोंड उघडल्यावर सरासरी १८ सेकंदांत डॉक्टरांनी त्याला तोडलं होतं. पुढं स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला ३३५ पेशंटना मुद्दाम मध्ये न अडवता बोलू दिलं. २००२ मध्ये त्याचे निकाल आले. माणूस सरासरी ९२ सेकंद बोलून आपणच थांबला. शंभरातल्या ७८ जणांचं दोन मिनिटांत आटोपलं होतं. आणि ते बोलणं वाया जात नाही. इंग्लंडमध्ये १९७५ साली ओपीडीतल्या ८० नव्या पेशंटपैकी ६६ जणांचं निदान नुसत्या हकिकतीवरूनच बरोबर झालेलं आढळलं होतं.

आमच्या पेठेतच एक वयस्कर डॉक्टर आहेत. त्यांच्याकडे पेशंटची खुर्ची टेबलापलीकडे नाही, बाजूला आहे. पेशंट बसला की ते पेन खाली ठेवतात, ‘बोला’ म्हणतात आणि खरंच गप्प बसतात. बोलणं संपलं की विचारतात, ‘तुम्हाला स्वतःला काय वाटतंय, कशामुळं असेल?’ उठताना शेवटचा प्रश्न, ‘आता घरी वहिनींना काय सांगाल?’ पेशंट सांगतो, चुकलं तर डॉक्टर तिथंच दुरुस्त करतात. त्यांच्या चिठ्ठीवर माझ्याकडे फारसं कुणी काही विचारत नाही. त्यांचा दवाखाना रात्री इतरांपेक्षा उशिरा बंद होतो असंही नाही.

हा शेवटचा प्रश्न जिथं विचारला जात नाही, तिथं काय होतं ते माझ्या काउंटरवर दिसतं. बीपीची गोळी महिनाभर घेतली, मोजलं तर नॉर्मल आलं, म्हणून बंद केली. ‘लागेल तेव्हा’ अशा अर्थानं लिहिलेली ‘एसओएस’ गोळी दिवसातून तीनदा चालू. दम्याच्या मुलाचा पंप आई परत करायला येते, कारण जाऊबाईंनी सांगितलंय की पंपाची सवय लागते. पंपातलं औषध थेट फुप्फुसात जातं, डोस गोळीपेक्षा कितीतरी कमी लागतो, स्टेरॉइडचा पंप असेल तर ओढल्यावर चूळ भरायची, एवढं डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं असतं तर ती परत आलीच नसती. मी समजावते, ते माझं कामच आहे. पण डॉक्टरांच्या शब्दाला जे वजन आहे ते माझ्या शब्दाला नाही.

बायकांचं तर आणखी अवघड. अनेक ठिकाणी डॉक्टरांच्या केबिनमध्येच पुढचे दोघं-तिघं बसवून घेतात. त्यात गल्लीतलंच कुणी असतं, बरोबर सासू असते. अंगावरून पांढरं जातंय, हे ती कशी सांगणार? ती ‘कंबर दुखतीया’ एवढंच सांगते, दुखण्याची गोळी घेते आणि माझ्या दुकानात गिऱ्हाईक कमी झालं की हळूच खरं बोलते. एका वेळी एकच पेशंट आत, मध्ये एक पडदा, आणि ‘सासूबाई, जरा बाहेर बसता का?’ एवढं म्हणण्याची हिंमत. याला पैसा लागत नाही.

माझी मुलगी एमबीबीएसला आहे. २०१९ पासूनच्या अभ्यासक्रमात पेशंटशी बोलणं हा रीतसर विषय आहे. वर्गात एकमेकांना पेशंट करून सराव करतात, कधी कठीण बातमी कशी सांगायची याचाही. ऐकून फार बरं वाटलं. पण आज दवाखाने चालवणारे बहुतेक डॉक्टर त्याआधी शिकलेले आहेत, त्यांना हे कुणी शिकवलंच नाही. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडची नोंदणी चालू ठेवण्यासाठी त्यांना दर ५ वर्षांत ३० क्रेडिट पॉइंट जमवावे लागतात. ते बहुतेक नवीन औषधं, नवीन तपासण्या यांवरच्या व्याख्यानांतून जमतात. त्यातले काही पॉइंट संवादाच्या प्रत्यक्ष सरावासाठी सक्तीचे करावेत. व्याख्यान नको. समोर कुणीतरी पेशंट होऊन बसावं, बाकीच्यांनी बघावं आणि कुठं तोडलंत ते सांगावं.

कोल्हापुरात शासकीय मेडिकल कॉलेज आहे, सीपीआर हे सरकारी रुग्णालय आहे, डॉक्टरांच्या संघटना आहेत. तेव्हा सुरुवात इथून व्हायला हरकत नाही. यात बीएएमएस, बीएचएमएस डॉक्टरांनाही घ्यावं. त्यांची नोंदणी वेगळ्या कौन्सिलकडे असली तरी पेठांमध्ये आणि करवीर, पन्हाळ्याच्या गावांत माणूस पहिल्यांदा त्यांचीच पायरी चढतो. आणि अशा एखाद्या सत्राला आम्हा औषध विक्रेत्यांनाही बोलवा. चिठ्ठी हातात पडल्यावर पेशंट काय काय विचारतात, ते आम्ही येऊन सांगू.

आपली,
एक औषध विक्रेती
मंगळवार पेठ, कोल्हापूर